रानातली भाजी आणि आपले ताट

मृगाच्या आधी वळवाच्या दोन-चार सरी पडल्या की तानसा अभयारण्याच्या कडेच्या पाड्यांवरील ठाकूर, कातकरी, वारली भगिनी भल्या पहाटे रानात शिरतात. टोपल्या भरल्या की आटगाव, खर्डी, आसनगावला लोकल पकडून त्या कल्याण-ठाण्याकडे निघतात. स्टेशनबाहेर फडके पसरून त्या जुड्या मांडतात आणि आपण कामाच्या घाईत ‘हा कसला पाला’ म्हणून पुढे जातो. त्याच दिवसांत बाजारातली मेथी-कोथिंबीर पावसाने सडून महागलेली असते. पगाराच्या शेवटच्या आठवड्यात ती परवडत नाही, म्हणून कित्येक घरांत बटाट्यावर भागवतात.

पहिली येते ती शेवळं. हा पाला नव्हे, जमिनीतून वर येणारा जांभळट तपकिरी कोंब. त्याला खाज असते, म्हणून अनेक गृहिणी हात लावत नाहीत. पण शेजारच्याच वाट्यात काकडं नावाची लहान हिरवी आंबट फळे असतात, ती उगाच ठेवलेली नसतात. कोंब सोलून आतला पिवळा दाणेदार भाग काढून टाकायचा, उरलेला बारीक चिरून तेलावर चांगला परतायचा आणि काकडांचा रस घालून पुरेसा शिजवायचा. आंबटाने खाज मरते. काकडं नसतील तर चिंच घालावी. सोबत सोललेले वाल किंवा हरभरा डाळ घातली की मटणाची आठवण होत नाही! नवखीने विकणाऱ्या बाईलाच नीट विचारून घ्यावे, आणि रानात जाऊन केवळ दिसण्यावरून काहीही खुडू नये.

मग टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी. टाकळा कोवळा असतानाच खावा, जून झाला की कडू लागतो. फोडशी गवतासारखी दिसते, तिच्या बुडाचा कडक दांडा काढून मूगडाळ-कांद्यात परतावी. भारंगीची पाने मात्र उकडून, पाणी पिळून घ्यावी लागतात. श्रावणाच्या सुमारास कंटोळी येतात, पण ती मुंबईकरांनी आधीच महाग करून ठेवली आहेत. निवडण्याचे काम वेळखाऊ आहे हे खरे. रविवारी ते घरातल्या पुरुषांनी करावे. कचेरीतले सहकारी माझ्या या बोलण्यावर हसतात, हसोत.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. शेजारी श्रावण पाळतात म्हणून आपण भाजी खावी, किंवा भाजी खाणारा शुद्ध आणि मांस खाणारा हलका, असे आम्ही मानीत नाही. देवदत्ताने भिक्खूंना मांस-मासे बंद करण्याची मागणी केली तेव्हा भगवान बुद्धांनी ती नाकारली होती. या ताटाचा विचार चवीचा, खर्चाचा आणि मुलांच्या प्रकृतीचा आहे. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतचा आपला वर्षावास आणि रानभाजीचा हंगाम एकच. विहारात धम्मवाचनानंतर भोजन असते, तेथे एकदा बटाट्याच्या रश्श्याऐवजी टाकळा करून पाहावा.

प्रकृतीविषयी थोडे. पालेभाजीत लोह असते, पण ते शरीरात उतरण्यासाठी आंबट सोबत हवे. भाजीवर लिंबू पिळावे आणि जेवणानंतर लगेच चहा घेऊ नये, चहाने लोह वाया जाते. भाकरी आणि डाळ एकत्र खाल्ल्याने एकातील उणीव दुसऱ्याने भरून निघते. शहापूर-मुरबाडच्या माळावर पिकणारी नागली तर कॅल्शियमची खाण: 100 ग्रॅममध्ये सुमारे 350 मिलिग्रॅम. मात्र बी-12 जीवनसत्त्व भाजीपाल्यात नसते. त्यासाठी दूध, अंडी, सुकट-बोंबील ज्याला जे परवडेल ते अधूनमधून हवेच.

टोपली घेऊन बसलेल्या बाईशी घासाघीस करताना तिची मजुरी आठवावी. रानात तिला कोणी अडवले तर 2006 चा वनहक्क कायदा तिच्या बाजूने आहे. गौण वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क त्यात आहे, औषधी वनस्पती, मुळे, कंद यांचा त्यात नावाने उल्लेख आहे आणि अभयारण्यातही तो लागू आहे. रानावर पोट असलेल्या आपल्या बौद्ध कुटुंबांनाही दावा करता येतो. मात्र 13 डिसेंबर 2005 पूर्वीचा तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा रहिवास त्यांना दाखवावा लागतो. कागद जपून ठेवा.

भातकापणी झाली की ओल्या जमिनीत वाल पेरतात. थंडीत त्याच्या कोवळ्या शेंगा, वांगी, मुळा, शेवग्याची पाने असा खरा सुकाळ असतो. ज्यांच्याकडे पाणी आहे ते भेंडी लावतात आणि ती मुंबईला जाते. सुके वाल राख चोळून मडक्यात ठेवले की उन्हाळ्याची बेगमी होते.

उन्हाळ्यात फणसाची कोवळी कुयरी, कैरी, मोहाची फुले एवढेच हाती उरते. परसात चार मिरच्या आणि दुधीचा वेल जगवायचा तर पाणी कुठले? तानसाचे धरण 1892 साली पूर्ण झाले, तेव्हापासून त्याचे पाणी जलवाहिन्यांनी मुंबईला जाते. पुढे भातसाही आला. तरी शहापूर तालुक्यातील कित्येक पाड्यांना एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहावी लागते. मडक्यातल्या वालाचे बिरडे करायचे तर तो रात्रभर भिजवायचा, मोड आणायचे, पुन्हा कोमट पाण्यात घालून सोलायचा आणि मग शिजवायचा. दोन हंड्यांत दिवस काढणारी बाई तेवढे पाणी वालावर घालीत नाही. ती मिरची-मीठ वाटून भाकरीबरोबर मुलांपुढे ठेवते.