मेळघाटचे पाणी

मंडळी, नकाशा असेल तर पुढ्यात घ्या. नसेल तर अंगणातल्या मातीत काडीने आडवी रेघ ओढा. ही अमरावती जिल्ह्याच्या उत्तरेची गाविलगडची रांग, सातपुड्याचाच फाटा. वैराट हे तिच्यावरचे सर्वांत उंच ठिकाण, सुमारे ११७८ मीटर.

रेघेच्या वर मेळघाटचे रान. तिकडचा पाऊस खापरा, सिपना या नद्यांतून तापीला जातो. दक्षिण उतारावरचा पाऊस चंद्रभागा, शहानूर, वान यांतून पूर्णेला. मग या पाण्याची कायमची ताटातूट झाली म्हणावी का? नाही! पूर्णा पुढे जळगाव जिल्ह्यात चांगदेवापाशी तापीलाच मिळते. गुरुजींनी हा प्रवास मुलांकडून बोटाने करून घ्यावा. नद्यांची नावे घोकण्यापेक्षा तो बरा.

रान मुख्यतः सागाचे. कोरकू भाषेत सागालाच सिपना म्हणतात. त्याचे कोवळे पान चुरगळून पाहा, बोटे लाल होतील. उन्हाळ्यात साग पाने टाकतो, ती पाण्याची काटकसर. पानांवाटे उडून जाणारी ओल वाचते. पडलेला पाला पहिल्या पावसाचा मार अंगावर घेतो, माती धरून ठेवतो, नि पाणी काळ्या खडकाच्या भेगांत सावकाश मुरते. पाला वणव्यात जळाला, की तेच पाणी माती घेऊन धावत सुटते. मोहफुले स्वच्छ वेचता यावीत म्हणून झाडाखाली विस्तव लावतात, तो कधी कधी हाताबाहेर जातो. त्यापेक्षा खराट्याने झाडून घेतले तर काम तेच होते.

याचे खालच्या गावांना काय? पूर्णेकाठी खारपाणपट्टा आहे. तिथल्या विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही. कितीतरी गावांना नळाने गोडे पाणी मिळते ते शहानूर नि वान या नद्यांवरच्या धरणांतून, म्हणजे याच डोंगरातून. तेव्हा दर्यापूरकडच्या माणसाने वणवा हा कोरकूंचा प्रश्न म्हणून सोडून देऊ नये.

याच रानात रानपिंगळा राहतो. १८८४ नंतर तो कुणाला निश्चितपणे आढळला नव्हता. नामशेष झाला असेच धरून चालले होते. १९९७ साली सातपुड्यातच, शहाद्याजवळ, तो पुन्हा दिसला, आणि नंतर मेळघाटातही. पिंगळ्याला लोक अशुभ म्हणतात. हा बिचारा सरडे, उंदीर, किडे खातो, तेही बरेचदा भरदिवसा. गावातल्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके दाट असतात. याचे डोके जवळजवळ कोरे. सागाच्या उघड्या फांदीवर शेपूट झटकत बसलेला दिसला, तर आधी डोके पाहा.