मधमाशी आणि फवारणी करणारे हात

भिक्खूने गावात कसे वावरावे हे सांगताना धम्मपदाच्या पुष्पवर्गात मधमाशीचा दृष्टांत दिला आहे. फुलाचे काहीही न बिघडवता ती आपल्यापुरते घेते. आम्ही त्यात एवढीच भर घालू इच्छितो की, ती घेते त्याहून अधिक परत देते. या फुलाचे पराग त्या फुलावर पोहोचतात, तेव्हाच फळ धरते.

आपल्या जिल्ह्यात या व्यवहाराची साक्ष भुदरगड तालुक्यातील पाटगाव देते. महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे २०२२ मध्ये ‘मधाचे गाव’ म्हणून घोषित झाले. त्यापाठोपाठ पाटगावानेही ती ओळख मिळविली. सह्याद्रीच्या जंगलातील फुलोरा आणि पेटीत नांदणारी सातेरी माशी हे तेथील भांडवल होय. तेथून पूर्वेकडे उतरावे, तो उसाचा प्रदेश लागतो. ऊस कांडीपासून उगवतो, त्याला माशीची गरज नाही. म्हणून ‘माशी नसली तर आमचे काय अडते?’ असा प्रश्न येथे ऐकू येतो. परंतु त्याच शेताच्या बांधावरील दोडका, कारले, काकडी यांची नर व मादी फुले वेगवेगळी असतात. माशी आली नाही तर मादी फूल गळून पडते. सूर्यफुलाचे दाणे भरण्यासाठीही माशी लागते. आजरा-चंदगडच्या काजूची फळधारणाही मुख्यत्वे कीटकांवरच अवलंबून आहे.

काजूचे उदाहरण विशेष बोलके आहे. काजूवरील ढेकण्या नेमका मोहोराच्या काळात नुकसान करतो, म्हणून फवारणीही मोहोरावरच होते. पीक वाचविण्यासाठी मारलेले औषध पीक धरविणाऱ्या माशीवरच पडते. शत्रू आणि मित्र एकाच फुलावर बसलेले असतात. औषधाला त्यांतील फरक कळत नाही.

हे विष काम कसे करते, हेही समजून घेतले पाहिजे. फॉस्फरसयुक्त कीटकनाशके मज्जातंतूंमधील निरोपाची देवाणघेवाण बिघडवितात. हा निरोप पोहोचविणारे रसायन माशीच्या आणि माणसाच्या शरीरात एकच आहे. इमिडाक्लोप्रिडसारखी नव्या पिढीची औषधे झाडाच्या रसात भिनून पराग व मधुरसापर्यंत पोहोचतात. त्यांच्या अल्प मात्रेने माशी तत्काळ मरत नाही. ती घरची वाट विसरते. चारा गोळा करणाऱ्या माश्या परतल्या नाहीत की पोळे हळूहळू ओस पडते. याच कारणास्तव युरोपीय संघाने २०१८ मध्ये या वर्गातील तीन औषधांचा उघड्या शेतातील वापर थांबविला. आपल्याकडे ती आजही विकली जातात.

इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आम्हांस आणखी एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. १९५८ साली केरळात पॅराथिऑन हे कीटकनाशक धान्यात मिसळले गेले आणि शंभराहून अधिक माणसे दगावली. त्यानंतरच्या चौकशीतून पुढे १९६८ चा कीटकनाशक कायदा आला. म्हणजे कायदा आला तो माणसे मेल्यानंतर. तरीही २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मृत्यू पावले, शेकडो बाधित झाले. पंप पाठीवर कोण घेतो? बहुधा ज्याच्या नावावर सातबारा नाही तो. औषध कोणते, किती, केव्हा मारायचे हे दुसरा ठरवितो. डब्यावरची माहिती त्याला कोणी वाचून दाखवीत नाही. जी हयगय माशीच्या जिवावर उठते, तीच त्याच्याही जिवावर उठते.

म्हणून उपाय दोघांसाठी एकत्रच योजावे लागतील. पीक फुलोऱ्यात असताना शक्यतो फवारणी करू नये. करणे अटळ असेल तर माश्या पोळ्याकडे परतल्यानंतर, सायंकाळी, वारा पडलेला असताना करावी. भुकटी धुरळणे टाळावे, कारण ती परागांबरोबर पोळ्यात जाते. शेजारच्या मधपाळास आदल्या दिवशी कळवावे, म्हणजे त्याला पेट्या हलविता किंवा झाकता येतात. आधी निंबोळी अर्क आणि कामगंध सापळे वापरून पाहावेत. बांधावरची सगळीच रानफुले तणनाशकाने जाळू नयेत. पीक फुलोऱ्यात नसते तेव्हा माशी त्यांवरच जगते. फवारणाऱ्यास हातमोजे, मास्क व अंगभर कपडे देणे ही मालकाची जबाबदारी आहे, उपकार नव्हे.

डब्यावरील त्रिकोणाविषयीही सावध राहावे. लाल, पिवळा, निळा, हिरवा हा विषारीपणाचा उतरता क्रम असला, तरी तो सस्तन प्राण्यांच्या संदर्भात ठरविलेला आहे. निळ्या त्रिकोणाचे औषधही माशीसाठी प्राणघातक असू शकते.

आपल्या वसतिगृहातील कित्येक मुलांचे आईवडील दुसऱ्याच्या शेतात राबतात. सुट्टीत घरी गेल्यावर या मुलांनी एक काम करावे, अशी आमची अपेक्षा आहे. फवारणीच्या आधी डबा हाती घ्यावा, त्यावरील बारीक अक्षरांतला मजकूर मोठ्याने वाचावा आणि त्याचा अर्थ आईवडिलांना सांगावा. समजले नाही तर प्रश्न विचारावा. वाचता येणे ही आपल्या समाजाने मोठ्या कष्टाने मिळविलेली शक्ती आहे. तिचा इतका थेट उपयोग दुसरा क्वचितच असेल.