नजरगहाण बंदूक

८ फेब्रुवारी २०२४ च्या संध्याकाळी बोरिवली पश्चिमेच्या आय. सी. कॉलनीत माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांची हत्या झाली. मॉरिस नोरोन्हा याने त्यांना आपल्या कार्यालयात बोलावलं, शेजारी बसवून फेसबुकवर थेट प्रक्षेपण केलं, मग गोळ्या झाडल्या आणि नंतर स्वतःलाही संपवलं. ते चित्रीकरण उपनगरात घराघरांत पाहिलं गेलं. पिस्तूल नोरोन्हाचं नव्हतं. पोलिसांनी सांगितलं, ते त्याच्या अंगरक्षकाचं आणि परवाना उत्तर प्रदेशातला. अंगरक्षकाला अटक झाली. पुढे त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे दिला. कुणाचा दोष किती, ते न्यायालय पाहील. पण एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. ते पिस्तूल चोरबाजारातलं नव्हतं. त्याला कागद होता.

आपला बंदुकीचा कायदा ढिला आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा अर्ज मागवून वाचावा. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली २१ वर्षांच्या आतल्याला बंदूक मिळत नाही. मुंबईत पोलीस आयुक्त, जिल्ह्यात जिल्हाधिकारी परवाना देणार, तोही जवळच्या पोलीस ठाण्याचा अहवाल मागवून. २०१६ च्या नियमांनी त्यात वैद्यकीय दाखला, प्रशिक्षणाचा दाखला आणि शस्त्र सुरक्षित ठेवण्याची लेखी हमी घातली. आपली बंदूक दुसऱ्या परवानाधारकाला विकायची, तरी घेणाऱ्याचं नाव-पत्ता आधी ठाण्यात किंवा जिल्हाधिकाऱ्याकडे लेखी कळवायचा आणि त्यानंतर ४५ दिवस थांबायचं. माझा भाचा ह्यूस्टनला आहे. त्याला हे सांगितलं तर तो हसला. तिकडे १९९३ च्या ब्रेडी कायद्याने दुकानदाराला गिऱ्हाइकाची तपासणी करावी लागते. पण टेक्सासमधल्या एका शेजाऱ्याने दुसऱ्याला बंदूक विकली, तर अशी तपासणी आजही सक्तीची नाही. त्या मानाने आपण पुष्कळ शहाणे.

मग बोरिवलीत काय झालं? इथे माझ्यातला जुना बँकवाला जागा होतो.

बँकेत कर्जाला माल लावायचे दोन प्रकार. गहाण म्हणजे माल बँकेच्या कुलपात, चावी आमच्या खिशात. नजरगहाण म्हणजे कागदावर माल बँकेकडे बांधलेला, पण राहणार कर्जदाराच्याच गोदामात. बँकेने फक्त नजर ठेवायची. या दुसऱ्या प्रकारात मंजुरीची फाईल कितीही जाडजूड असो, तिचा भरवसा नसे. घाटकोपरच्या शाखेत असताना मी महिन्याच्या महिन्याला गोदामात जाऊन तेलाचे डबे मोजत असे. वरून काठी ठोकायची, खालचा डबा रिकामा आहे का ते आवाजावरून कळतं. फाईलमध्ये तो आवाज येत नाही.

परवान्याची बंदूक ही अशी नजरगहाण वस्तू आहे. सरकार माणूस एकदा तपासतं आणि वस्तू त्याच्या घरी धाडून देतं. मग ती कुठल्या कपाटात, कुणाच्या खणात, किल्ली कुणाकडे, हे बघायला सहसा कुणी जात नाही. आमच्या शाखेचा रखवालदार फौजेतून निवृत्त झालेला होता. संध्याकाळी वहीत सही करून तो दुनळी बंदूक स्ट्राँगरूममध्ये ठेवी आणि रिकाम्या हाताने लोकल पकडी. बँकेची बंदूक बँकेतच झोपायची. खासगी अंगरक्षकाची कुठे झोपते?

२०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतील असं ठरलं. मूळ विधेयकात एकच होतं, ओरड झाली, दोन झाली. वरातीत हवेत बार काढणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड आला, हे उत्तमच. पण त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच केली, याची चर्चा फारशी झाली नाही. म्हणजे वस्तू कमी केल्या आणि नजर टाकायची पाळी लांबवली. पाच वर्षांत माणसाचं काय काय होतं! धंदा बुडतो, दारू लागते, भाऊबंदकी पेटते. आणि काहीच न होतासुद्धा अपघात होतात: १ ऑक्टोबर २०२४ ला पहाटे जुहूच्या घरी गोविंदा या नटाला स्वतःच्याच परवान्याच्या रिव्हॉल्वरची गोळी पायात लागली.

आमच्या कट्ट्यावरचे एक गृहस्थ मुलुंडला दोघंच राहतात. त्यांचं म्हणणं, म्हाताऱ्यांना परवाना सहज मिळावा. त्यांची भीती खोटी नाही. पण चोर बेल वाजवून, कुरिअरवाला म्हणून आत येतो, त्या वेळी बंदूक कपाटात आणि कपाटाची किल्ली देवघरात! कोकणातल्या शेतकऱ्याचं मला पटतं. रानडुकरं, माकडं पीक खातात, म्हणून ठासणीची बंदूक लागते. निवडणूक आली की तीही ठाण्यात जमा करायला सांगतात, याचा त्याला राग आहे, आणि तो रास्त आहे.

फाईलला जे कळत नाही ते वाडीला, इमारतीला कळतं. डिसेंबर २०२४ मध्ये बीड जिल्ह्यात सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली. ती बंदुकीने झालेली नव्हती. पण नंतर पिस्तुलं मिरवणाऱ्यांच्या चित्रफिती बाहेर आल्या, तेव्हा कुठे जिल्ह्यातल्या हजाराहून अधिक परवान्यांकडे पुन्हा बघितलं गेलं आणि बरेच रद्द झाले. मिरवणारे गावाला आधीपासून ठाऊक नव्हते काय?

म्हणून मी कट्ट्यावर मांडलं ते असं. वर्षातून एकदा परवानाधारकाने शस्त्र आणि काडतुसं ठाण्यात नेऊन मोजून दाखवावीत. एकदा ठाण्याच्या माणसाने न कळवता घरी यावं, ठेवायची जागा पाहावी. परवान्याच्या वेळी घरातल्या दुसऱ्या सज्ञान माणसाची सही घ्यावी, म्हणजे बायकोला निदान विचारलं तरी जाईल. साध्या कर्जाला आम्ही दोन जामीनदार मागत होतो.

कट्ट्यावर एक निवृत्त हवालदार बसतात. ते म्हणाले, ‘‘साहेब, बोलणं सोपं आहे. बंदोबस्तातून सुटायला मिळत नाही, घरोघर फिरायला माणसं कुठून आणायची?’’

मी म्हटलं, ‘‘आमच्या शाखेत या कामाला दोघेच होतो, हवालदारसाहेब. गोदामं सव्वीस होती.’’