शिवी कुणाला, लागते कुणाला?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. वर्षावासानिमित्त आमच्या वस्तीतल्या विहारात रोज रात्री ग्रंथवाचन चालू होते. वाचन आटोपून बायका घरी निघाल्या होत्या. त्यांत एक विधवा भगिनी होत्या. वय पंचेचाळीसच्या आसपास. चार घरची धुणीभांडी करून दोन मुले वाढवलेली. कोपऱ्यावरच्या कट्ट्यावर सात-आठ पोरे मोबाईलमध्ये डोके घालून बसली होती. अंधारात पांढरी साडी दिसताच एकाने 'आंटी' अशी हाक मारली. हाक कसली, सूर लावला. त्या सुराचा अर्थ पुरुषांना कळतो आणि बायकांना त्याच्याही आधी कळतो. मागोमाग त्यांच्या अंगावरून एक शब्द आला. तो आम्ही छापणार नाही. कट्टा हसला. बाई पुढे दिव्याखाली आल्या तेव्हा दिसले, हसणाऱ्यांत त्यांचा धाकटा मुलगा होता.

दोन दिवस बाई मुलाशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी आमच्याकडे आल्या. आम्ही कारकून माणूस, वस्तीतले अर्ज-विनंत्या आम्हीच लिहितो. आम्हाला वाटले तक्रार लिहून हवी असेल. बाई म्हणाल्या, "तक्रार नको भाऊ, पोरगं माझंच हाय. त्या पोरांना एवढंच इचारा, मी त्यांची कोण लागते?"

हा प्रश्न आम्ही विचारण्याआधी तो आम्हालाच चिकटला. महिनाभर आम्ही खिशात एक छोटी वही ठेवली. स्टेशनवर, ऑफिसात चहाच्या वेळी, वस्तीत नळावर, पिकल्या-अर्धपिकल्या वयाच्या बाईला पुरुष काय काय म्हणतात ते टिपून ठेवले. वही लवकर भरली. थेरडी, म्हातारडी, जख्खड हे शब्द वयावरून मारलेले. ते लागतात, पण निदान त्यांचा अर्थ सरळ आहे. खरी घाण दुसऱ्या प्रकारात आहे. आंटी, भाभी, वहिनी! मूळचे नात्याचे, मानाचे शब्द. त्यांना डोळा मारून उच्चारले की झाले.

'आंटी'चा इतिहास मुंबईकर जुन्या मंडळींना ठाऊक आहे. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानंतर मुंबईत घराघरांत चोरून दारू मिळू लागली. तो धंदा चालवणारी बाई म्हणजे आंटी, आणि तिचे घर म्हणजे आंटीचा अड्डा. नवरा गेलेला किंवा टाकून गेलेला, पदरात पोरे, म्हणून ती त्यात पडायची. गिऱ्हाईक तिच्या हातची प्यायचे आणि बाहेर येऊन तिच्याविषयीच वाह्यात बोलायचे. आता मोबाईलचा जमाना आहे. घाणेरड्या चित्रफितींना 'आंटी', 'भाभी' अशी नावे देऊन बाजार मांडला आहे. पोराच्या हातात फोन येतो तेव्हा त्याला शब्दाचा पहिला अर्थ नव्हे, हा दुसरा अर्थ शिकायला मिळतो. मग शेजारची काकी समोरून आली तरी त्याला तोच अर्थ आठवतो.

पण सगळा दोष मोबाईलवर टाकून आम्हाला मोकळे होता येत नाही. मोबाईल नव्हता तेव्हा आपण काय करत होतो?

'रांड' हा शब्द घ्या. संस्कृतातल्या 'रंडा'वरून आलेला. त्याचा अर्थ विधवा. मोल्सवर्थ साहेबाच्या १८५७ च्या मराठी-इंग्रजी कोशातही हा अर्थ आहे. खेड्यात अजून 'रंडकी' म्हणजे नवरा मेलेली बाई. म्हणजे शिवी म्हणून जन्माला न आलेला हा शब्द. नवरा नाही एवढीच तिची माहिती होती. पण नवरा नसलेल्या बाईकडे समाजाने ज्या नजरेने पाहिले, ती नजर शब्दात उतरली आणि विधवेचा अर्थ वेश्या होऊन बसला. बाईने काही केले नव्हते. फक्त तिचा नवरा मेला होता.

आमची आजी ऐन तरुणपणी विधवा झाली. सासरी तिला याच शब्दाने हाक पडायची, हे आईने आम्हाला पुढे सांगितले. आणि तीच आजी आम्ही नातवंडांनी दंगा केला की प्रेमाने ओरडायची, "आरं रांडंच्या, जेवून घे आधी!" आम्ही हसायचो, जेवायला बसायचो. रांडंच्या म्हणजे कुणाच्या, असा प्रश्न आम्हाला कधी पडला नाही. तिलाही पडला नसावा. अंगावर पडलेल्या शब्दाचेच तिने लाडाचे बोल केले होते. आज ती असती तर आम्ही तिला विचारले असते, आजे, तू हे कसे गिळलेस?

आईवरून मुलाला शिवी देण्याची रीत तर फार जुनी. संस्कृत नाटकांत 'दास्याः पुत्र', दासीच्या पोरा, ही सर्रास शिवी आहे. पाणिनीच्या व्याकरणात आक्रोशात, म्हणजे शिवी देताना, हा शब्द कसा बनतो याचा नियमच आहे. विद्वानांनी व्याकरण केले, पण त्या दासीचे काय, हे कुणी विचारले नाही. तिचे राबणे हाच तिच्या मुलाचा कलंक झाला.

मराठीत आपण हे इतके घोटून प्यालो आहोत की आता चव कळत नाही. 'आयला', 'मायला', 'च्यायला'! 'तुझ्या आईला' या शिवीचे तुकडे आहेत हे सगळे. पुढचा शब्द गिळला, आई तेवढी राहिली. आम्ही हिशेबाचे माणूस, खोटे लिहिणार नाही. आकडा जुळला नाही की आमच्या तोंडून 'च्यायला' निघतो. महिनाभर वही लिहिताना आम्ही स्वतःचेही मोजले. एका दिवसात अकरा वेळा. आई दाराआड बसून ऐकत असायची आणि आम्ही तिच्याच नावाने ओरडत होतो. सम्यक वाचेत शिवीगाळ करू नये असे बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये लिहिले आहे. ते आम्ही विहारात मोठ्याने वाचले आहे. मागून कुणी हसले नाही हे आमचे नशीब.

आणखी एक गोष्ट आपल्या समाजापुरती सांगितली पाहिजे. आपल्या आया-आज्यांच्या वाट्याला हे शब्द दुप्पट आले. मुरळी, जोगतीण हे शब्द घ्या. देवाला सोडलेल्या मुली बहुतांशी कोणत्या जातींतल्या होत्या ते सांगायला नको. आधी देवाच्या नावाने सोडायची, मग गावाने वापरायची, मग तोच शब्द शिवी म्हणून दुसऱ्याच्या आईवर फेकायचा. १६ जून १९३६ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी वाघ्या-मुरळ्या, जोगतिणी, देवदासी यांच्यापुढे भाषण केले आणि हे लाजिरवाणे जिणे सोडा असे सांगितले. बायकांनी ते जिणे सोडले. शब्द मात्र भांडणात अजून निघतो, आणि आपलीच माणसे तो काढतात.

काही गावांनी वेगळा रस्ता धरला आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये विधवांच्या बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे वगैरे प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने सर्व ग्रामपंचायतींना त्याचे अनुकरण करण्यास सांगितले. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या नेवासे तालुक्यातील सौंदाळा गावाच्या ग्रामसभेने नोव्हेंबर २०२४ मध्ये आईबहिणीवरून शिवी देणाऱ्याला ५०० रुपये दंड ठरवला. पाचशेच्या नोटेने जीभ सुधारते का, असे आमच्या ऑफिसातल्या एकाने हसून विचारले. सुधारेल न सुधारेल, पण शिवी बाईला लागते हे एका गावाने कागदावर मान्य केले, हेच आम्हाला मोठे वाटते. याउलट एप्रिल २०२३ मध्ये विधवांच्या नावाआधी 'गंगा भागीरथी' लिहिण्याचा विचार सरकारदरबारी निघाला, तेव्हा बायकांनीच विरोध केला. योग्य केले. चांगला शब्द लावला तरी नवरा मेल्याची पाटी ती पाटीच. विधुराच्या नावाआधी काय लिहितात हो?

कायद्याची माहिती थोडक्यात देतो, कापून ठेवावी. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम ७९ प्रमाणे स्त्रीच्या लज्जेचा अपमान करण्याच्या हेतूने शब्द उच्चारणे हा गुन्हा असून तीन वर्षांपर्यंत साधी कैद व दंड होऊ शकतो. लैंगिक स्वरूपाची शेरेबाजी कलम ७५ मध्ये येते. त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. कायद्यात वयाची अट नाही. साठीची बाई असली तरी ती स्त्रीच आहे. इतर समाजाच्या माणसाने आपल्या भगिनीची जात माहीत असून असे शब्द वापरले, तर अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे कलम ३(१)(डब्ल्यू) लागते. अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांना १९९० पासून अनुसूचित जातीचा दर्जा आहे, तेव्हा ठाण्यात कुणी 'तुम्ही तर बौद्ध' म्हणून परत पाठवू लागला तर परत फिरू नये. घरकाम करणाऱ्या भगिनींना कामाच्या घरी असा त्रास झाला, तर २०१३ च्या कायद्याखालील जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करता येते. लिहिता येत नसेल तर समितीने मदत करायची आहे.

बाईंना मात्र हे काही नको होते. म्हणून एका रविवारी आम्ही कट्ट्यावरच्या पोरांना विहारात बोलावले. पाचजण आले. त्यांचा मुलगाही आला, मान खाली घालून. आम्ही बरेच बोललो, वही काढली, मोल्सवर्थ सांगितला. पोरे भिंतीकडे बघत होती. शेवटी तो मुलगाच आईला म्हणाला, "मी कुठं बोललो? मी नुस्ता हसलो. अन् तू हायेस हे मला ठावं नव्हतं."

बाई म्हणाल्या, "म्हंजे दुसरी कुणी असती तर चाललं असतं का?"

कुणी काही बोलले नाही. थोड्या वेळाने पोरे उठून गेली. बाईंनी सतरंजी गुंडाळली आणि त्याही गेल्या.

कट्टा अजून आहे, पोरे अजून बसतात. बाई जाताना आता त्यांतला एकजण उठून 'जयभीम काकी' म्हणतो. बाकीचे मोबाईलमध्ये बघत राहतात. उठणारा तो त्यांचा मुलगा नव्हे.