गुळगुळीत मणी म्हणजे अस्सल तुळस?

अक्कलकोटला गुरुवारच्या गर्दीत माळांच्या दुकानापाशी एक वाक्य हमखास कानावर पडते: "ही नको, हिचे मणी लहानमोठे आहेत. अस्सल तुळशीची दाखवा." मग दुकानदार गुळगुळीत, गडद, छापातून काढल्यासारख्या मण्यांची माळ पुढे करतो आणि गिऱ्हाईक समाधानाने पैसे देते. हा गैरसमज ऐकून आता चीड येते, कारण त्याचा फटका नेमका हाताने माळ करणाऱ्याला बसतो.

तुळस हे झुडूप आहे. ते फार तर कमरेएवढे वाढते, आणि त्याचे खोड बुंध्याशी तेवढे लाकडासारखे होते. वर साऱ्या काड्याच. या वाळलेल्या, वेड्यावाकड्या काड्यांचे तुकडे करायचे, ते तासायचे, प्रत्येकाला आरपार भोक पाडायचे. जपमाळेला असे १०८ मणी लागतात, वर मेरुमणी वेगळा. एवढ्या बारीक काटकीतून निघणारा मणी लहानच असणार आणि एका माळेतही जाड-बारीक फरक राहणार. आपल्या वृंदावनातले वाळलेले रोप उपटून पाहावे. त्यातून बोराएवढे एकसारखे मणी किती निघतील, याचा हिशोब कुणालाही जमेल. तेव्हा टपोऱ्या मण्यांची भरगच्च माळ अगदी स्वस्तात मिळत असेल, तर ती दुसऱ्याच लाकडाची असण्याचा संभव जास्त.

इथे एक गोष्ट नीट समजून घेऊ. मथुरा-वृंदावनाकडे विजेच्या यंत्रावरही तुळशीचे मणी कातले जातात आणि ते एकसारखे निघतात. म्हणून एकसारखेपणा हा नकलीपणाचा पुरावा नाही. पण तो अस्सलपणाचाही नाही. त्यावरून कळते एवढेच, की मणी बहुधा यंत्रातून आला आहे.

हाताने माळ करणारे लोक फार लांब नाहीत. अक्कलकोटच्याच जिल्ह्यात, पंढरपुरात, काशीकापडी समाजातली कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या तुळशीच्या माळा करत आली आहेत. राज्याच्या भटक्या जमातींच्या यादीत असलेला हा समाज. वारकऱ्याला माळकरी म्हणतात ते ज्या माळेवरून, ती परंपरेने यांच्या हातची. अक्कलकोट, गाणगापूर, तुळजापूर, पंढरपूर अशी यात्रा एकाच फेरीत करणारे असंख्य लोक आहेत. त्यांनी वाकडा मणी नाकारला की दुकानदार पुढच्या खेपेला तसा माल ठेवतच नाही. कारागिराचा धंदा बसतो तो असा. पेढ्याच्या पुड्याला घासाघीस न करणारा भक्त माळेपाशी दहा रुपयांसाठी अडून बसतो, हेही मला पटत नाही.

"पाण्यात टाका, रंग सुटला तर नकली," ही चाचणीही अर्धवट आहे. रंग सुटला तर मणी रंगवलेला आहे एवढे कळते. रंग न सोडणारे प्रत्येक लाकूड तुळशीचे नसते. लाकडाची जात पक्की ठरते ती सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या पेशींची रचना पाहून.

दुसरा मोठा गैरसमज शहरी गिऱ्हाइकांचा: "हस्तनिर्मित आहे ना, मग कारागिराला योग्य दाम मिळालाच असणार." का बरे? हाताने केलेली वस्तू कवडीमोलाने उचलून दसपट दराने विकता येते. फेअर ट्रेड, म्हणजे न्याय्य व्यापार, ही त्यापुढची अट आहे. वर्ल्ड फेअर ट्रेड ऑर्गनायझेशनची दहा तत्त्वे आहेत. योग्य मोबदला, बालमजुरीला थारा नसणे, व्यवहारात पारदर्शकता आणि पर्यावरणाची काळजी ही त्यांतली काही. ही तत्त्वे पाळली जातात की नाही, हे संस्थेचा कारभार तपासूनच ठरते. चिठ्ठीवर छापलेल्या 'हॅंडमेड' या शब्दावरून नाही. भौगोलिक मानांकनाचेही तेच. सोलापुरी चादरीला ते आहे; त्यातून चादर कुठली ते कळते, विणकराची मजुरी कळत नाही.

हॉलमार्कवर तर लोक वाट्टेल तो अर्थ लादतात. १६ जून २०२१ पासून देशात टप्प्याटप्प्याने सोन्याच्या दागिन्यांवर तो सक्तीचा झाला. तो सांगतो शुद्धता. सोने कोणत्या खाणीतून आले, हे तो सांगत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०१८च्या अहवालानुसार माणसाच्या उद्योगांमुळे हवेत जाणाऱ्या पाऱ्यापैकी सुमारे ३८ टक्के पारा लहान, हातखोदाईच्या सोनेखाणींतून जातो. खनिजातले सोने पाऱ्यात धरायचे आणि मग पारा तापवून उडवायचा, ही तिथली रीत. तो पारा पहिल्यांदा कामगाराच्याच फुप्फुसात जातो.

"नैसर्गिक म्हणजे पर्यावरणपूरक" हेही सरसकट खरे नाही. रक्तचंदन निसर्गातलेच, पण त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स कराराचे नियंत्रण आहे. वाघनखाचे पदकही नैसर्गिक; १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याचा व्यापार गुन्हा आहे. तुळशीची गोष्ट वेगळी. पाने, मंजिऱ्या वापरून झाल्यावर वाळलेले रोप उरते, त्याची माळ होते.

रुद्राक्षाच्या माळेबद्दलचे गैरसमजही असेच. रुद्राक्ष पाण्यात बुडला म्हणजे खरा? बी किती वाळली आहे, आत किती पोकळी आहे, यावर ते ठरते. दोन तांब्याच्या नाण्यांत धरल्यावर फिरला म्हणजे खरा? खडबडीत, गोलसर काहीही तसे फिरते. रुद्राक्ष इथल्या मातीतला? दुकानांतला माल मुख्यतः नेपाळ आणि इंडोनेशियातून येतो.

आणि माळ तुटली की ती अशुभ म्हणून नदीत सोडायची, हे तर थांबलेच पाहिजे. तुळशीचे लाकूड कुजेल, पण नायलॉनचा दोरा आणि प्लॅस्टिकचे मणी चंद्रभागेत तसेच राहतील. तुटतो दोरा, मणी नाही. मणी गोळा करून दागिने गाठवणाऱ्या पटवेकऱ्याकडे किंवा माळ करणाऱ्याकडे द्यावेत, सुती दोऱ्यात गाठवून मागावेत आणि त्याची मजुरी न कुरकुरता द्यावी.