चढावरचे चार दाते

मैत्रिणींनो, चढ आला की खाली उतरून सायकल ढकलत नेणारी बाई तुम्ही पाहिली असेल. कदाचित ती तुम्हीच असाल! आम्ही चौघी रविवारी पहाटे पुण्याहून जुन्या कात्रज घाटाकडे निघतो. सायकली साध्या, बिनगिअरच्या. घाट लागला की आमच्यातल्या थोरल्या वहिनी उतरायच्या आणि म्हणायच्या, "तुम्ही व्हा गं पुढे." एका रविवारी त्या आल्याच नाहीत. निमित्त गुडघ्याचे, पण खरा होता तो संकोच.

मग सुरू झाला आमचा कारखाना! मोठे चक्र म्हणजे जास्त जोर, असा हिशेब करून एकीने आपल्या सायकलला पुढचे चक्र मोठे बसवून घेतले. सपाटीवर काय ती ऐट! घाटात मात्र पायडल हलेना. बाईसाहेब पहिल्याच वळणावर खाली!

चूक कळली ती कागद-पेन्सिल घेतल्यावर. पुढे ४४ दाते, मागे १८. म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात मागच्या चाकाचे जवळजवळ अडीच फेरे, २६ इंची चाकाला सुमारे ५ मीटर. मागे २२ दाते घातले तर नेमके दोन फेरे, सुमारे ४ मीटर. अंतर कमी, तसा पायावरचा भारही कमी. एका उंच पायरीऐवजी दोन बुटक्या चढाव्यात, तसेच हे. थोडक्यात, चढासाठी मोठे करायचे ते मागचे!

वहिनींच्या सायकलला २२ दात्यांचे फ्रीव्हील बसवले, तर चेन आखूड पडली. चाक पुढे ओढले, तर ब्रेकचे रबर रिमवर बसेना. "अगं, वर जाईन, पण खाली कशी येऊ?" वहिनींचा सवाल! शेवटी सायकलवाल्याने चेनला दोन कड्या जोडल्या, चाक जागेवर आले.

आता सपाटीवर त्यांचे पाय शिवणयंत्रासारखे भराभर फिरतात, आम्ही हसतो. घाटात हसायची पाळी त्यांची!

आणि संकोच कसला? 'टूर द फ्रान्स' शर्यतीत गिअर बदलायच्या यंत्रणेला परवानगी मिळाली ती १९३७ साली. त्याआधी चढ आला की भले भले स्वार उतरून मागचे चाक काढत आणि उलटे बसवत. दुसऱ्या बाजूला चढासाठी जास्त दात्यांचे चक्र असे. म्हणजे उतरत तेही होतेच!

तेव्हा सायकल अडगळीत टाकण्यापूर्वी मागचे दाते मोजा. आणि हो, फेरफार केल्यावर आधी ब्रेक तपासा, मग घाट!