छत्तिसावा दिवस

पस्तीस दिवस भरले की मुक्तांगणमधून सुट्टी मिळते. माणूस पिशवी उचलतो, होळकर पुलावरून खडकी स्टेशन गाठतो आणि लोणावळा लोकल पकडतो. अंगात धुतलेला शर्ट, हात स्थिर, जेवणाला पुन्हा चव आलेली. दापोडी, पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, देहूरोड आणि मग बेगडेवाडी. गाडी इथे थांबली न थांबली तोच सुटते. बाहेर मात्र चौघे उभे असतात, महिन्यापूर्वी होते तेच. त्यातला एक खांद्यावर हात टाकून म्हणतो, "आलास का? चल, बसू."

या "बसू"ला काय उत्तर द्यायचं, याची तयारी पस्तीस दिवस चाललेली असते. येरवड्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचं सगळं काम माझ्या मते या एका प्रसंगासाठी आहे. दारू अंगातून उतरवणं हा त्यातला सोपा भाग.

बेगडेवाडीवरून संस्थेकडे पाहण्याचं कारण आहे. देहूरोड आणि घोरावाडी यांच्यामधला हा लहानसा थांबा. वर घोराडेश्वराचा डोंगर आणि त्यातली लेणी, खालून जुना मुंबई-पुणे रस्ता, पलीकडे लष्कराची हद्द, जवळच गहुंज्याचं क्रिकेटचं मैदान. या पट्ट्यातल्या माणसाने तीसेक वर्षांत भातखाचरं जाताना पाहिली आणि त्यांचा पैसा येतानाही पाहिला. द्रुतगती मार्ग आला, तळेगावची औद्योगिक वसाहत वाढली, गुंठ्याचे भाव चढले. 'गुंठामंत्री' हा शब्द आपण हसत हसत वापरतो. पण ज्या घरात वडिलांनी आयुष्यभर औताच्या मागे चालून जमीन राखली, तिथे मुलाच्या हाती एकरकमी पैसा आला आणि दिवसभराचं काम मात्र गेलं. सकाळी उठून जायचं कुठे? ढाबा होताच. पावसाळ्यात लोणावळ्याच्या वाटेवर बाटल्यांचा जो खच पडतो तो पर्यटकांचा म्हणून आपण हात झटकतो. आषाढी अमावास्येला 'गटारी' म्हणून जे चालतं, ते कोणाचं?

मुक्तांगण सुरू झालं ते मात्र दारूमुळे नव्हे, गर्दमुळे. १९८०च्या दशकात मुंबई-पुण्यात ब्राउन शुगर, म्हणजेच गर्द, शिरली. चांगल्या घरांतली पोरं चांदीच्या कागदावर पावडर ठेवून, खालून काडी धरून धूर ओढू लागली. डॉ. अनिल अवचट यांनी या पोरांमध्ये बसून, त्यांच्या वस्त्यांमध्ये फिरून लिहिलं. 'गर्द' हे त्यांचं पुस्तक त्यातलंच. ते लेखन वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले. नुसतं हळहळून थांबले नाहीत. त्यांनी केंद्र काढण्यासाठी एक लाख रुपये देऊ केले. अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता, म्हणजेच सुनंदा, येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. केंद्र चालवण्याची जबाबदारी त्यांनी घेतली आणि मनोरुग्णालयाच्याच आवारात २९ ऑगस्ट १९८६ रोजी मुक्तांगणचं दार उघडलं.

लेखक म्हणून अवचटांचं नाव पुढे राहिलं, ते साहजिक आहे. पण संस्थेचा स्वभाव घडवला तो अनिताबाईंनी. व्यसनी माणूस म्हणजे गुन्हेगार किंवा नालायक, ही तेव्हाची सरसकट समजूत. अनेक ठिकाणी आजही 'नशामुक्ती केंद्र' या पाटीमागे कुलूप आणि दांडका असतो. त्या मानसिकतेच्या काळात एका सरकारी डॉक्टरबाईने ठरवलं की इथे मारहाण होणार नाही, अपमान होणार नाही आणि कोणी पुन्हा पिऊन आला तरी त्याच्या तोंडावर दार लावलं जाणार नाही. १९९७ मध्ये कर्करोगाने त्या गेल्या. त्यांच्यानंतर त्यांच्या कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी काम पुढे नेलं. मोहनवाडीत संस्थेची स्वतःची इमारत उभी राहिली. अनिल अवचट २७ जानेवारी २०२२ रोजी गेले, पण संस्था थांबली नाही. संस्थापकाबरोबर संपणाऱ्या संस्थांची आपल्याकडे काही वाण नाही; ही टिकली, याचं कारण तिच्या रचनेत सापडतं.

पहिले काही दिवस शरीराचे. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अचानक तुटली की सहा-आठ तासांत हात थरथरू लागतात. चहाचा कप एका हाताने उचलत नाही. दोन्ही हातांनी धरला तरी बशीत सांडतो, म्हणून माणूस वाकून तोंडच कपाजवळ नेतो. घाम सुटतो, झोप उडते, उलट्या होतात. काहींना फिट येते. दोन-तीन दिवसांनी काहींना नसलेली माणसं दिसतात, भिंतीवर किडे चालताना दिसतात, आपण कुठे आहोत तेही कळत नाही. कारण असं, की दारू मेंदूला रोज गुंगवत असते आणि मेंदू तिच्याविरुद्ध रोज जास्त जोर लावून स्वतःला जागं ठेवत असतो. दारू गेली तरी तो जोर लगेच ओसरत नाही. वेळीच औषधं मिळाली नाहीत तर यात माणूस दगावू शकतो. त्यात अनेक महिने धड जेवण नसल्याने ब-१ जीवनसत्त्व संपत आलेलं असतं. ते आधी भरून काढावं लागतं, नाहीतर स्मरणशक्तीला कायमची इजा होते. "देवासमोर शपथ घेतली, उद्यापासून बंद" असं सांगून घरात कोंडून घेणाऱ्याच्या निर्धाराचं कौतुक करण्याआधी त्याला दवाखान्यात न्यायला हवं.

शरीर सावरलं की खरं काम निघतं. पहाटे उठणं, व्यायाम, योग, आपापली जागा आपण झाडणं, समूहात बसून बोलणं, ठरलेल्या वेळी जेवण. वाचताना शाळेचं वेळापत्रक वाटेल. पण ज्याचा दिवस कित्येक वर्षं 'पहिला पेग किती वाजता' एवढ्यावरच मोजला गेला, त्याला दिवसाचे तास परत द्यायचे तर असेच द्यावे लागतात.

समूहात समोर बसलेला समुपदेशक बहुधा स्वतः कधीकाळचा पेशंट असतो. मुक्तांगणची सगळ्यात मोठी ताकद हीच, असं मला वाटतं. बायकोच्या गळ्यातलं मंगळसूत्र विकून "हरवलं" म्हणून सांगणारा माणूस डॉक्टरला फसवू शकतो, आईला तर रोजच फसवतो. पण ज्याने तेच केलंय त्याच्यासमोर त्याची थाप चालत नाही. "मी काही बेवडा नाही, कामाचा ताण होता म्हणून घ्यायचो," असं नवा पेशंट म्हणतो तेव्हा समोरचा चिडत नाही, उपदेशही करत नाही, फक्त हसतो. त्या हसण्याने बरंच काम होतं. ही कल्पना अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची. १९३५ मध्ये अमेरिकेत एक दलाल आणि एक शल्यचिकित्सक, दोघेही पक्के दारुडे, एकमेकांना सांभाळत दारूपासून दूर राहिले, तिथून ती चळवळ निघाली. मुक्तांगणने ती उचलली आणि तिला मराठी घराची जोड दिली.

घराची जोड म्हणजे 'सहचरी'. व्यसनी माणसांच्या बायकांचा हा गट. नवरा पितो तेव्हा आजारी दोघं पडतात, हे आपण कुठे मान्य करतो? तो न आल्याच्या रात्री ती जागी, तो आल्यावरही जागी. साहेबांना "ताप आलाय" म्हणून फोन तीच करते, उधारी तीच फेडते, सासूची बोलणी तीच खाते. नवरा सुधारून घरी आला तरी तिचा हात त्याचे खिसे चाचपायचा थांबत नाही. त्यालाही मग राग येतो: एवढं करूनही विश्वास नाही ना, मग घेतोच. छत्तिसाव्या दिवसाची पहिली चकमक अशी थांब्यावर नव्हे, घरातच होते. म्हणून तिलाही शिकावं लागतं: त्याच्या उधाऱ्या फेडायच्या नाहीत, खोटं बोलायचं नाही आणि त्याच्या पिण्याचा दोष स्वतःकडे घ्यायचा नाही. व्यसनी स्त्रियांसाठी संस्थेचा 'निशिगंध' हा वेगळा विभाग आहे. बाईचं पिणं घरचे जितकं दडवतात तितका उपचार उशिरा होतो, त्यामुळे तो हवाच होता.

आणि मग फॉलोअप. ठरल्या दिवशी येऊन बसायचं, बोलायचं. एक वर्ष पूर्ण झालं की व्यसनमुक्तीचा वाढदिवस. कोणी घसरलाच, तर त्याचा न्यायनिवाडा होत नाही. नेमकं कधी, कोणाबरोबर, त्याआधी मनात काय चाललं होतं, हे विचारतात. मधुमेह्याची साखर वाढली म्हणून आपण त्याला घरातून हाकलत नाही, तसंच हे.

देहूच्या पंचक्रोशीत राहणाऱ्याला यात नवल वाटू नये. मावळात गावोगावी माळकरी आहेत. तुळशीची माळ गळ्यात घातली की दारू-मटण सुटतं, हा इथला जुना करार. माझ्या मते त्यातली उपचाराची बाजू आपण कधी नीट पाहिली नाही. माळ दिसते, त्यामुळे थांब्यावरचे चौघे आग्रह करायला कचरतात, आणि केलाच तर नाही म्हणायला कारण गळ्यातच असतं. दर पंधरवड्याला एकादशी येते, भजनाला बसावं लागतं. न आलेल्याची चौकशी होते. संध्याकाळचे नेमके तेच दोन तास भरतात जे पूर्वी बाटलीत जायचे. वर्षातून एकदा वारी. जुनी संगत सोडताना नवी संगत आयती मिळते. मात्र माळ फिट थांबवत नाही. रोज बाटलीभर पिणाऱ्याने आधी डॉक्टर गाठावा, मग महाराज.

तंबाखूची गोष्ट निराळी, कारण तिला कोणी व्यसनच मानत नाही. २०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू घेणारे निघाले. ओढणारे त्यात फक्त ३.८ टक्के, बिनधुराची तंबाखू घेणारे २४.४ टक्के. गुटख्यावर २०१२ पासून राज्यात बंदी आहे, आणि तो कुठे मिळतो हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. दारुड्याला तरी शेजारी नावं ठेवतात. तंबाखू मळून समोरच्यापुढे तळहात धरणं ही मात्र ओळख वाढवायची रीत झाली. आणि मिश्री? तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची, डबीत भरायची, आणि पहाटे चुलीपाशी बसून बोटाने दातांना लावायची. "दात घासते" असं आजी म्हणते, पण दिवसातून चार-पाच वेळा दात कोण घासतं? ती एक दिवस मिळाली नाही की डोकं धरून बसणाऱ्या बायका आपल्याच घरांत आहेत. तोंडात न जाणारा पांढरा चट्टा, पंधरा दिवसांत न भरणारी जखम, तोंड पूर्ण न उघडणं, यांतलं काहीही दिसलं तर दंतवैद्याला दाखवायचं, एवढं तरी प्रत्येक घरात माहीत असावं.

तंबाखूची तलफ येते ती काही मिनिटांत ओसरते. ती मिनिटं पाणी पिऊन, चालून, कोणाशी बोलून काढता येतात, आणि तंबाखू अचानक सोडली म्हणून दारूसारखा जिवाला धोका नसतो. त्यामुळे ती आज सोडायला हरकत नाही. मदत हवी असेल तर तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ आणि कोणत्याही व्यसनासाठी १४४४६ हे सरकारी क्रमांक आहेत; फोनला पैसे पडत नाहीत. फोन पेशंटनेच करायला हवा असं नाही. बायको, आई किंवा मुलगा, कोणीही करू शकतं. आणि थांब्यावरच्या त्या चौघांपैकी तुम्ही एक असाल, तर निदान आलेल्या माणसाला "चल, बसू" म्हणू नका. चहा पाजा.